टिकारामचा फर्मा

ईश्वरदास शेठच्या धंद्याला 'समूह' म्हणायचं हे १९५७ च्या दिवाळीनंतर ठरलं. त्याआधी आम्ही सगळे त्याला नुसतं 'प्रेस' म्हणायचो. शेठचा मुलगा गोवर्धन नागपूरहून बी.कॉम. होऊन आला, आठ दिवस हातात वही घेऊन गोंदियाभर फिरला आणि म्हणाला, हा प्रेस नाही, समूह आहे. मीही मोजून पाहिलं. बिडीची लेबलं, 'पूर्वघोष' साप्ताहिक, शाळेची पुस्तकं, भिंतीवरचं कॅलेंडर, जत्रांमधून फिरणारी टॉकीज, लग्नाला भाड्यानं जाणारा भोंगा आणि स्टेशनावरचा पुस्तकांचा गाडा. सात झाले. त्यातली टॉकीज पडद्यासकट गोदामात पडून होती. शाळेच्या पुस्तकांचा तर जीवच गेला होता. नागपूरच्या सरकारचा अभ्यासक्रम बघून आम्ही पाच हजार पुस्तकं छापली, आणि छप्पनच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हाच उचलून मुंबई राज्यात घातला. पुढं दोन वर्षं गोंदियाच्या बाजारात चिवडा मिळायचा तो आमच्या तिसरीच्या भूगोलात.

"मेलेले धरून सात का?" मी गोवर्धनला विचारलं.

"समूहात सगळे धरतात, भैयाजी," तो म्हणाला.

मला भैयाजी म्हणतात. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात 'पूर्वघोष' निघाला, त्या महिन्यात मी भंडाऱ्याहून इथं आलो. तेव्हापासून दर गुरुवारी चार पानं भरतोय. अग्रलेख मी लिहितो, धानाचे भाव मी लिहितो, कोण वारलं ते मी लिहितो, वाचकांची पत्रंही बरीचशी मीच लिहितो. पण संपादक मी नव्हे. संपादक टिकाराम.

दर अंकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, एक बारीक ओळ असते. 'मुद्रक, प्रकाशक व संपादक : टिकाराम रहांगडाले, मु. दवनीवाडा.' कायद्यानं कोणाचं तरी नाव मॅजिस्ट्रेटपुढं लिहून द्यावं लागतं. अंकात जे छापून येईल त्याचा जबाब त्या माणसानं द्यायचा. शेठना नाव द्यायचं नव्हतं. लेबलांसाठी बिडीवाल्यांशी गोड राहायचं, पुस्तकांसाठी शाळाखात्याशी गोड राहायचं, भोंग्यासाठी नगरपालिकेशी गोड राहायचं. आणि साप्ताहिक तर जरा तिखट असल्याशिवाय खपत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दम्याचं कारण सांगितलं. दमा तेव्हा नव्हता. आता आहे.

मग शेठनी मशीनकडं पाहिलं. मोठ्या छपाईच्या मशीनला तेव्हा वीज नव्हती. बाजूला माणसाच्या उंचीचं लोखंडी चाक होतं. ते एकानं फिरवत राहायचं, तेव्हा कागद आत जायचा आणि छापून बाहेर यायचा. ते चाक टिकाराम फिरवायचा. अडतीस साली धान कापून झाल्यावर चार महिन्यांसाठी म्हणून आला होता, तो राहिलाच. सही येत होती. अक्षर लावून लावून वाचताही येत होतं. शेठ म्हणाले, "टिकाराम, कल धुला हुआ कुर्ता पहनके आना." दुसऱ्या दिवशी तो संपादक झाला आणि दुपारून परत येऊन चाकाला लागला.

अकरा वर्षांत टिकाराम एकोणीस वेळा कोर्टात उभा राहिला. मी नोंद ठेवली आहे. दर वेळी प्रकरण माफीवर मिटायचं. माफीचा मजकूर आम्ही जुळवून, सुतळीनं बांधून, फळीवर तयारच ठेवला होता. ज्याला दुखावलं त्याचं नाव तेवढं बदलायचं. तारखेच्या दिवशी टिकारामला शेठकडून हॉटेलात जेवण, आणि दिवाळीला धोतरजोडी. दवनीवाड्यात मात्र तो 'एडिटरसाहेब' होता. तळ्याच्या पाण्याची पाळी कोणाची यावर भांडण झालं की लोक त्याला बोलावत. तो जे सांगेल ते ऐकत. मला अकरा वर्षांत घरचंही कोणी विचारलं नाही.

तर जानेवारी अठ्ठावन्नमध्ये गोवर्धननं आयुष्यातला पहिला लेख लिहिला. चुन्नीलाल नावाच्या ठेकेदारानं तालुक्यातल्या एका गावात शाळा बांधली होती. 'चुन्याऐवजी चिखल' असा मथळा देऊन गोवर्धननं त्या ठेकेदाराला चोर म्हटलं, दोनदा. मी एक 'चोर' काढला. दुसरा त्यानं परत घातला.

चुन्नीलालनं फिर्याद केली. आमची तयार माफी घेऊन शेठ स्वतः त्याच्या घरी गेले. चुन्नीलाल म्हणाला, "ये माफी मैंने पाँच साल पहले भी पढ़ी है, सेठजी. तब किसी और की थी." त्यानं चहाही दिला नाही.

आता प्रकरण मिटणारं नव्हतं. भंडाऱ्याहून मोठे वकील आले. त्यांनी पंख्याखाली बसून, पाय लांब करून सांगितलं, "समोरची पार्टी हे दाखवायला बघणार की टिकाराम नावाचाच आहे, खरा लिहिणारा गोवर्धन. ते सिद्ध झालं तर मुलगा अडकतो. टिकारामच खरा संपादक ठरला तर टिकाराम अडकतो. तीन महिने, फार तर सहा."

"मग?" शेठ म्हणाले.

"मग त्याला खरा संपादक करा."

टिकाराम तेव्हा खाली अंकांच्या घड्या घालत होता. चोपन्नला मशीनला बिजली आली, चाक काढून भंगारात गेलं, तेव्हापासून तो घड्या घालायचा.

वकिलांनी विचारलं, समूहाचं काही छापील आहे का, ज्यात टिकारामबद्दल लिहिलं असेल? नव्हतं. पण प्रेसला त्या वर्षी पंचवीस वर्षं पुरी होत होती, आणि गोवर्धनच्या डोक्यात एक सचित्र इतिहास काढायचा होताच. वकील उठून बसले. "काढा. तारखेच्या आधी काढा. आणि त्यात या माणसाचं एक प्रकरण टाका. निर्भीड, स्वतंत्र बाण्याचा, मालकाचंही न ऐकणारा."

शेठ माझ्याकडं वळले. "भैयाजी, इतिहास लिखो. पण आपल्या मराठीत."

तारीख एप्रिलमधली होती. हातात सहा आठवडे. पंचवीस वर्षांचा इतिहास सहा आठवड्यांत लिहायला हरकत नसते, कारण त्यातलं बरंचसं वगळायचंच असतं. मी दिवसा 'पूर्वघोष' भरायचा आणि उरल्या वेळात इतिहास. पत्र्याखाली बसून शेठचा जन्म लिहिला, शेठचं बालपण लिहिलं, शेठनी डोक्यावरून पहिलं, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणलं असं लिहिलं. (हमालांनी आणलं. पण शेठ सोबत चालत होते.) भूगोलाच्या पुस्तकांविषयी लिहिलं, 'शिक्षणप्रसाराचा ध्यास.' टॉकीजविषयी लिहिलं, 'खेडोपाडी कलेचा प्रकाश.' खोटं लिहायचा मला कंटाळा नाही. तेच तेच विशेषण पुन्हा लिहायचा कंटाळा येतो.

इथं छपाईची एक अडचण सांगायला हवी. आमच्याकडं पुस्तकाच्या टाइपाचे खिळे होते ते सोळा पानांपुरते. सोळा पानं म्हणजे एक फर्मा. एक फर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडून परत पेट्यांत टाकायचे, मग पुढचा जुळवायचा. त्यामुळं पहिला फर्मा छापून झाला तेव्हा माझा शेवटचा अजून लिहायचा होता. आणि एकदा छापलेला फर्मा बदलायचा तर सगळं पहिल्यापासून. टिकारामचं प्रकरण तिसऱ्या फर्म्यात होतं.

ते लिहून झालं तेव्हा वकिलांचा निरोप आला, टिकारामकडून ते पाठ करून घ्या. उलटतपासणीत तो गडबडायला नको.

म्हणून मार्चमध्ये रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी टिकारामला टिकाराम शिकवायला लागलो.

"ऐक. 'तरुण वयातच टिकारामजींच्या मनात अन्यायाविरुद्ध चीड निर्माण झाली.'"

"कोनाबद्दल जी?"

"अन्यायाबद्दल."

"बरं." त्यानं भाकरीचा घास घेतला. "मंग?"

"'लेखणी हेच शस्त्र मानून त्यांनी अनेक अग्रलेख लिहिले.'"

"हे तं तुमी लिवले."

"आता तू लिहिले."

"सगळे?"

"सगळे."

"तो धानाच्या लेव्हीवाला चांगला होता," तो म्हणाला. "तो मीच लिवला म्हना मंग." आणि हसला. मलाही हसू आलं. आम्ही दोघं फार थकलेलो होतो.

चार दिवसांत त्याला तीन परिच्छेद पाठ झाले. पोथी म्हटल्यासारखा म्हणायचा, मान हलवत. पाचव्या दिवशी मध्येच थांबला.

"भैयाजी, याच्यात चाक काऊन नाही?"

"कोणतं चाक?"

"कोनतं म्हंजे? मशीनचं. सोळा वर्सं फिरवलं ना मी. पूर्वघोषचा पयला अंक, मंगचे सारे, माया हातानं निघाले. हा हात पाहा." त्यानं उजवा हात पुढं केला. खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला होता. "जे केलं नाही ते चार पानं लिवलं. जे केलं ते एक ओळ नाही. कायले असा इतिहास?"

मी म्हटलं, "अरे, संपादक चाक फिरवत नसतात."

"मी फिरवत होतो."

"कोर्टात वाईट दिसेल."

"चाक फिरवनं वाईट हाय का?"

"बघतो," मी म्हटलं. प्रेसमध्ये 'बघतो' म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मा आली, त्याची बायको. दवनीवाड्याहून चालत आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. खाली न बसता दारातच उभी राहिली.

"भैयाजी तुमीच ना?"

"हो, बाई. बसा."

"बसाले नाही आली. लिवता तुमी, छापते शेठ, अन् जेल माया मानसाले?"

मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही, वकील चांगले आहेत.

"वकील कोनाचे?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ती म्हणाली, "चैतात आत गेला तं रोवनीपर्यंत येत नाही. धानाच्या बांध्या मी एकटीनं रोवू का? तुमी येता का रोवाले?" आणि माझ्या हातांकडं असं पाहिलं की मी ते टेबलाखाली घेतले. "त्याले इथं आनलं चार महिन्यासाठी. वीस वर्सं ठेवून घेतलं. आता जेलाले देऊन राहिले का?" एवढं बोलून पाणीही न पिता निघून गेली.

त्या दुपारी तिसऱ्या फर्म्याची प्रुफं माझ्यापुढं होती. टिकारामच्या प्रकरणाचं शेवटचं पान अकरा ओळींनी रिकामं राहत होतं. तिथं फुलांची नक्षी टाकायची असं खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याला सांगितलेलं होतं.

मी विचार केला. चाक छापलं तर चुन्नीलालचा वकील ते एका मिनिटात पकडणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोखंडी चाक फिरवणारा माणूस अग्रलेख लिहितो कधी? टिकाराम नावाचाच हे समूहाच्याच इतिहासावरून सिद्ध. टिकाराम सुटणार. गोवर्धन अडकणार. आणि टिकारामला तर हेच छापून हवं आहे, तेही सुटण्यासाठी नाही. त्याला त्यातलं सुटणं दिसलेलंच नाही. मी फुलांची नक्षी काढली आणि अकरा ओळी लिहिल्या. त्या पुस्तकातल्या तेवढ्याच अकरा ओळी मी विशेषण न वापरता लिहिल्या. अडतीस ते चोपन्न, सोळा वर्षं, या मशीनचं चाक टिकाराम रहांगडाले यांनी हातानं फिरवलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. वगैरे.

प्रुफं पास व्हायला वर गेली. शेठनी आपले फोटो पाहिले, ते सरळ होते. गोवर्धननं आपलं नाव कुठं कुठं आहे ते पाहिलं आणि 'तरुण' च्या ठिकाणी 'तडफदार' केलं. वकिलांनी टिकारामच्या प्रकरणाचे पहिले दोन परिच्छेद वाचून "वा" म्हटलं. फर्मा छापला. खिळे सोडले.

एप्रिलमध्ये तारखेच्या चार दिवस आधी पुस्तक बांधून झालं. मी टिकारामला पहिली प्रत दिली. त्यानं बोट लावून आपल्या प्रकरणाचं शेवटचं पान वाचलं. बराच वेळ लागला. मग प्रत धोतराच्या कडेनं पुसून माझ्या टेबलावर ठेवली आणि घड्या घालायला गेला. "बरोबर हाय," एवढंच म्हणाला.

कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. दवनीवाड्याहून पंचवीस-तीस माणसं आली होती, पागोटी बांधून, आपल्या एडिटरसाहेबांना बघायला. रुख्मा व्हरांड्यात बसली होती. तिनं एका गाठोड्यात पांघरूण आणि लोटा बांधून आणला होता. माझ्याकडं पाहिलं नाही.

आमच्या वकिलांनी पुस्तक दाखल केलं. टिकाराम साक्षीला उभा राहिला आणि अन्यायाविरुद्धची चीड, लेखणी हेच शस्त्र, सगळं मान हलवत म्हणून दाखवलं. दवनीवाड्याची माणसं समाधानानं एकमेकांकडं बघत होती. शेठनी रुमालानं मान पुसली.

चुन्नीलालचा वकील उठला. बारीकसा माणूस, चष्मा कपाळावर. त्यानं पुस्तक उघडलं ते टिकारामच्या प्रकरणाच्या बरोबर शेवटच्या पानावर.

"सोळा वर्षं चाक फिरवत होता?"

"हो जी."

"सकाळी आठ ते संध्याकाळी सहा?"

"कामाच्या दिसात सातही वाजत."

आमच्या वकिलांनी झटकन आपली प्रत चाळली. मग शेठकडं पाहिलं, शेठनी गोवर्धनकडं, गोवर्धननं माझ्याकडं. मी छताकडं पाहिलं. छताला कोळिष्टकं होती.

"मग हे अग्रलेख कधी लिहिले?" वकील म्हणाला. "अन् 'चुन्याऐवजी चिखल' कोणी लिहिलं? सांगा ना. घाबरू नका. तुम्ही चाकवाले, तुम्हाला कोण काय करणार? लिहिणारा कोण, एवढं सांगा, आणि घरी जा."

मी मनात म्हटलं, सांग. दार उघडून दिलंय.

टिकारामनं मागं वळून आपल्या गावच्या माणसांकडं पाहिलं. मला वाटलं, लाजला. आता लाजून खोटं बोलणार.

"लिवलं कोनी ते मले माहीत हाय," तो म्हणाला. "सांगीन तं चुगली होईल. ते नाही सांगत. पन काढलं मी."

"काढलं म्हणजे?"

"काढलं. साहेब, लिवलेलं तं कागदावरच रायते. शिशात जुळवलं तरी फळीवर पडून रायते. मशीन फिरल्याबिगर ते लोकाइले दिसत नाही. सोळा वर्सं मी फिरवलं, मंग बिजलीनं फिरवलं, पन घड्या मी घातल्या, टपाल मी टाकलं. खाली नाव मायं हाय. ते नाव काही खोटं नोहे."

"म्हणजे माझ्या अशिलाला चोर म्हटलं ते तुम्ही?"

"छापून निघालं ते मीच काढलं."

"ती शाळेची भिंत पाहिली होती का तुम्ही?"

इथं तो अडखळला. त्याला तीन परिच्छेद पाठ होते. त्यात भिंत नव्हती.

"नाही."

"मग पाहिल्याशिवाय छापलं कसं?"

टिकारामनं चुन्नीलालकडं पाहिलं. चुन्नीलाल पहिल्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसला होता. "ते चुकलं," टिकाराम म्हणाला. "पाहाले पायजे होतं. भिंत इथून सात कोसावर हाय. मी सकारी निघून दुपारी पावलो असतो. कोनी गेलं नाही. मीही नाही गेलो. तुमच्याबाबत ते चुकलं जी माया हातून."

फळीवरच्या आमच्या माफीत चोवीस शब्द होते, बहुतेक संस्कृत. चुन्नीलाल छत्रीची मूठ चाचपत बसला. मग आपल्या वकिलाला हातानं 'बस' म्हणाला.

मॅजिस्ट्रेट वयस्क होते. त्यांनी ते अकरा ओळींचं पान दोनदा वाचलं. गुन्हा कबूल आहे, तेव्हा शिक्षा द्यावी लागेल, असं म्हणाले. व्हरांड्यात रुख्मा गाठोडं घेऊन उभी राहिली.

शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत कैदेची.

म्हणजे काय, ते दवनीवाड्याच्या लोकांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. टिकाराम कोपऱ्यातल्या बाकावर शिपायाशेजारी बसला. त्यानंतर एका बैलाची केस चालली, मग दोन भावांच्या बांधाची, मग विनातिकीट प्रवासाच्या सहा. तो सगळ्या लक्ष देऊन ऐकत होता. पाच वाजता मॅजिस्ट्रेट उठले आणि तोही उठला. शेठ म्हणाले, "चल, मोटारीत बस." तो म्हणाला, "नाही जी, ही पायी आली," आणि रुख्माबरोबर चालू लागला. गाठोडं आता त्याच्या डोक्यावर होतं.

पुढं काय करायचं हे ठरायचं होतं, ते पुढच्या सोमवारी ठरलं. गोवर्धन म्हणाला, शिक्षा झालेल्या माणसाचं नाव समूहाला शोभत नाही, काढून टाकू. टिकारामला वर बोलावलं. शेठ गोडीनं बोलले. "बहुत हो गया, टिकाराम. बीस साल. अब आराम कर. नाम हटा देते हैं."

"काऊन?"

"अरे, तुलाच त्रास नको म्हणून."

"त्रास झाला. भोगला ना मी? बाकावर बसलो ना?" तो उभाच होता. "मंग आता नाव मायं हाय. पयले तुमचं होतं, मायं म्हनून लिवलं होतं. आता मायं हाय. मी कायले काढू?"

गोवर्धन म्हणाला, दुसऱ्या कोणाच्या नावानं मॅजिस्ट्रेटपुढं नवं डिक्लेरेशन करता येईल. शेठनी खोलीत नजर फिरवली. मी खोकलो. या वेळी खोकला खरा होता. मशीनवाल्यानं पाय मागं घेतला. मुनीम तर उठूनच गेला. शेठ पंचवीस वर्षं माणसं मोजत आले होते, त्यांना हिशेब लगेच कळला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "नाव राहू दे."

"एक अट हाय," टिकाराम म्हणाला. "मले वाचून दाखवल्याबिगर छापाचं नाही."

"काय?"

"अंक. सगळा. मले हळू वाचता येते, टाइम लागीन. भैयाजी वाचतील, मी ऐकीन."

माझ्याकडं कोणी पाहिलंही नाही. ठरून गेलं.

त्या गुरुवारपासून हे सुरू आहे. दुपारी तीनला मी प्रुफं घेऊन खाली जातो. टिकाराम घड्यांच्या टेबलाशी स्टुलावर बसतो, डोळे मिटतो. मी चारही पानं मोठ्यानं वाचतो. धानाचे भाव, बदल्या, वधू पाहिजे, साप चावून मृत्यू. मशीनवाला, जुळारी, सगळे भिंतीला टेकून थांबलेले असतात. पत्रा तापलेला असतो. माझा घसा तिसऱ्या पानापर्यंत टिकतो, चौथं पान मी जवळजवळ कुजबुजत वाचतो. अकरा वर्षं मी हा मजकूर लिहिला, पण मोठ्यानं कधी ऐकला नव्हता. ऐकायला तो फार लांब आहे.

परवाच्या गुरुवारी पहिल्याच पानावर चौकट होती, गोवर्धननं स्वतः लिहून दिलेली. मी वाचली. "'आमच्या समूहाच्या गौरवशाली इतिहासग्रंथाचे जिल्ह्यात सर्वत्र उत्स्फूर्त स्वागत झाले असून...'"

"थांबा जी," टिकारामनं डोळे उघडले. "कोनी पाहिलं?"

"काय?"

"स्वागत. कोनी पाहिलं?"

मी आठवून पाहिलं. पाचशे प्रती छापल्या होत्या. चाळीस वाटल्या. एक कोर्टाच्या फायलीत होती. बाकीच्या टॉकीजच्या पडद्याशेजारी ठेवलेल्या होत्या.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"दवनीवाड्यात मी एक नेली. तिथं वाचली लोकाइनं. म्हनले चाकाचं बरं लिवलं. तेवढं लिवा पायजे तं. सर्वत्र कायले?"

जिन्यावर गोवर्धन उभा होता. तो वरून म्हणाला, "भैयाजी, चौकट राहील."

टिकारामनं वर पाहिलं नाही. स्टुलावर तसाच बसून राहिला, हात मांडीवर. मशीनवाल्यानं बटणाकडं नेलेला हात खाली घेतला आणि बिडी शिलगावली. टपालाची गाडी सव्वापाचची होती. प्रुफंच उशिरा निघाल्यानं घड्याळात चार वाजून गेले होते. गोवर्धन एक पायरी उतरला, थांबला, आणि परत वर गेला.

मी पेन्सिल काढून चौकटीवर आडवी रेघ मारली. जुळाऱ्यानं ती जागा रिकामी झाली म्हणून कुरकुर केली.

"वाचा जी पुढं," टिकाराम म्हणाला आणि डोळे मिटले.

मी पाण्याचा घोट घेतला आणि धानाच्या भावांपासून सुरुवात केली.